टाकीत रोग येऊन गेला? नवे मासे सोडण्याआधी सजावट, जाळी, बादली निर्जंतुक करा



आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता शोभेच्या माशांच्या टाक्या आहेत. कुणी हौस म्हणून ठेवतं, कुणी जोडधंदा म्हणून. रोग आला की काय होतं, तेही सगळ्यांना माहीत आहे. मासे मरतात, आपण पाणी बदलतो, काच पुसतो, नवे मासे आणतो. आणि आठ-पंधरा दिवसांत तेच पुन्हा. मग दोष दुकानदाराला.

पण पुष्कळ वेळा रोग आपल्याच टाकीत बसलेला असतो. दगडाच्या खाचेत, प्लास्टिकच्या झाडावरच्या बुळबुळीत थरात, फिल्टरच्या स्पंजमध्ये, हातजाळीच्या गाठीत. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या अंगावरून सुटतो, तळाला किंवा सजावटीला चिकटतो आणि तिथे एकाचे शेकडो होतात. थंडीत हे चक्र आणखी लांबतं. म्हणून मासे दिसत नाहीत म्हणजे रोग गेला, असं समजू नका.

आधी घासा, मग औषध

लोक इथेच चुकतात. शेवाळ आणि घाण तशीच ठेवून ब्लिचिंग टाकलं, तर ब्लिचिंगची ताकद त्या घाणीवरच संपते, जंतू आत सुरक्षित राहतात. म्हणून सजावट आधी ब्रशने घासून साध्या पाण्याने धुवा. साबण नको.

मग 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर विरघळवा, वजन काट्यावर करा. पावडर जुनी किंवा ओलसर असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, ती नका वापरू. वस्तू पूर्ण बुडवून एक तास ठेवा. बाहेर काढून दोन-तीनदा धुवा. नंतर लिटरला 1 ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाकलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, म्हणजे उरलेला क्लोरीन मरतो. शेवटी दोन दिवस कडक उन्हात सुकवा. ब्लिचिंगचा वास येत असेल तर पुन्हा धुवा.

हे काम उघड्यावर, हातमोजे घालून करा. ब्लिचिंगमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

कोणत्या वस्तूचं काय करायचं

• दगड, प्लास्टिकची झाडं, चिनी मातीची सजावट: वरची पद्धत. दगड उकळू नका, तडकून उडू शकतो.
• लाकूड: ब्लिचिंग नको, ते आत शोषलं जातं आणि पाण्यात हळूहळू सुटत राहतं. अर्धा तास उकळा, मग उन्हात पूर्ण वाळवा.
• स्पंज आणि जिवंत झाडं: फेकून द्या. नवीन स्पंज मेलेल्या माशांपेक्षा स्वस्त पडतो.
• तळाची वाळू-खडी: थोडी असेल तर बदला, जास्त असेल तर धुऊन ब्लिचिंग करा.
• नायलॉनची हातजाळी: तासापेक्षा जास्त ठेवू नका, क्लोरीनने धागा कमजोर होतो.

मासे हळूहळू खंगत असतील, पाठ वाकत असेल, अंगावर न भरणाऱ्या जखमा असतील, तर माशांचा क्षयरोग असू शकतो. त्याचे जंतू ब्लिचिंगला सहज दाद देत नाहीत. तेव्हा सजावट टाकून दिलेली बरी. हाताला जखम असेल तर त्या पाण्यात हात घालू नका, हा जंतू माणसाच्या कातडीतही शिरतो. मच्छीमाराच्या हाताला कापलेलं असतंच, म्हणून मुद्दाम सांगतो.

तलावाशी याचा संबंध काय?

घरची टाकी आणि आपला तलाव यांच्यात फक्त एका बादलीचं अंतर आहे. अल्सर रोग (ईयूएस) 1988 मध्ये ईशान्य भारतात दिसला आणि तिथून देशभर पसरला. तो मरळीला होतो, तसाच टाकीतल्या गोल्डफिशलाही होऊ शकतो. पाऊस संपून पाणी थंड झालं की तो जोर धरतो.

म्हणून तीन गोष्टी पाळा. टाकीची जाळी-बादली मत्स्यबीजासाठी वापरू नका. मेलेले मासे चुना टाकून खोल पुरा. आणि टाकीचं पाणी, झाडं किंवा नको झालेले मासे सिरपूर, बिलावली, यशवंत सागरमध्ये सोडू नका. सिरपूर आणि यशवंत सागर 2022 पासून रामसर यादीत आहेत, आणि यशवंत सागरचं पाणी तर इंदूर पितं.

सगळं वाळल्यावर टाकी भरा. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ते एक दिवस उघडं ठेवा किंवा थोडा हायपो टाका. आधी दोन-तीनच मासे सोडा. दोन आठवडे ते ठणठणीत राहिले, तरच बाकीचे आणा.

हापा, क्रेट, होडीचा तळ यांनाही हाच क्रम: घासा, औषध, धुवा, वाळवा. काही अडलं तर खाली कमेंटमध्ये विचारा, आजारी माशाचा फोटो टाका. ज्यांच्या घरी टाक्या आहेत त्यांना ही पोस्ट पाठवा.

– आपला सचिव