बाहेरून घरात शिरताना

दौलताबादचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना खंदकावरचा तो अरुंद पूल आणि पुढची अंधारी आठवत असेल. आमचं घर त्याच किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे एकटे राहतात, मी पुण्यात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी जिन्यापाशी आणि ओसरीवर कॅमेरे लावले, त्यांचा रेकॉर्डर राऊटरला जोडला. गावी बसून मोबाइलवर चित्र झकास दिसलं. पुण्यात आलो आणि पडदा काळा.

फोन केला. अण्णा म्हणाले, "अरे, दिवे तर सगळे हिरवेच आहेत. इथे टीव्हीवर दिसतंय की!"

मग मी त्यांना दिवसातून चार-चार वेळा ते डबे बंद-चालू करायला लावलं. दुखऱ्या गुडघ्यानिशी. त्याची मला अजून लाज वाटते, कारण बिघाड कुठलाच नव्हता. राऊटर आपलं काम चोख करत होता.

घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक घरगुती पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हेच पत्ते लाखो घरांत असतात, त्यामुळे उंबऱ्याबाहेर त्यांना अर्थ नाही. आतून कुणी बाहेर गेलं की राऊटर त्याची नोंद ठेवतो आणि येणारं उत्तर त्यालाच पोचवतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर ते कुणाकडे आलंय हे त्याला ठाऊक नसतं. तो दारातूनच परत पाठवतो. "अमुक क्रमांकाच्या दारानं येणाऱ्याला रेकॉर्डरकडे सोड" असं त्याला सांगून ठेवणं, याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. ते मी केलं होतं. मात्र परीक्षा घेतली ती घरच्याच वायफायवर, म्हणजे वाड्याच्या आत उभं राहून वेशीची परीक्षा! वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर पाहिलं असतं, तर तिथेच कळलं असतं.

आणखी एक चूक. मी दरवाजे मोजलेच नव्हते. इंटरनेटवाल्यांनी भिंतीवर बसवलेला डबा नुसता मोडेम नव्हता, तोही राऊटरच होता. त्याच्यामागे मी बाजारातून आणलेला दुसरा. मी सूचना दिली आतल्या दरवानाला. बाहेरच्याला त्याचा पत्ताच नव्हता. पहिल्या डब्याला ब्रिज मोडवर टाकलं, म्हणजे त्यानं नुसतं पोचवायचं, अडवायचं नाही, तेव्हा एक दरवाजा कमी झाला.

तुम्हालाही हे तपासता येईल. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या मथळ्याखाली त्याचा बाहेरचा पत्ता दिसतो. आपला आयपी पत्ता सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी तो ताडून पाहा. जुळला तर उत्तम. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर वाटेत आणखी एक दरवाजा आहे. आणि १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर तो दरवाजा कंपनीच्या केंद्रात आहे. तुम्ही घरी कितीही खटपट करा, उपयोग नाही. आमचा नेमका तसाच निघाला.

यामागे टंचाई आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटतात, आणि १००.६४ चा हा पट्टा २०१२ साली त्यासाठीच राखून ठेवला गेला. मी जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेतला. पुण्यात चित्र आलं. ओसरीवर अण्णा पेपर वाचत बसलेले.

आठवड्यानं रेकॉर्डरची नोंदवही सहज उघडली आणि पोटात गोळा आला. रात्रभर अनोळखी ठिकाणांहून पासवर्ड लावून पाहण्याचे प्रयत्न झाले होते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर असेच ताब्यात घेतले होते, कंपनीनं घालून दिलेले पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते म्हणून. मी माझ्यासाठी उघडलेलं दार सगळ्या जगाला उघडं होतं, आणि आत माझे वडील.

ते दार त्याच रात्री बंद केलं. राऊटरमध्येच व्हीपीएनची सोय होती, ती चालू केली. आता ज्याच्याजवळ किल्ली आहे तोच मोबाइल आत येतो, आणि रेकॉर्डर बाहेरून कुणाला दिसतही नाही. कंपनीच्या ॲपमधूनही बाहेरून पाहता येतं, कारण तिथे रेकॉर्डरच आपणहून बाहेर जातो. पण मग आपल्या जिन्याचं चित्र तिसऱ्याच्या हाती विश्वासानं द्यावं लागतं. मला ते रुचलं नाही.

एक गोष्ट राहिली. वीज जाऊन आली की रेकॉर्डरला कधी कधी वेगळाच घरगुती पत्ता मिळायचा आणि माझा फोन जुन्या पत्त्यावर थडकत राहायचा. राऊटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला. आता वीज आली की अण्णांना खुर्चीवरून उठावं लागत नाही.