राखणीस कुत्रा : पिलूं आणावें कीं जाणता कुत्रा?

शेतकऱ्यास बैल घ्यावयाचा असला म्हणजे चार जाणत्यांस बरोबर नेऊन तो त्याचे दांत, खूर व चाल पाहतो. गाय घेतांना तिची धार काढून पाहण्याची रीत आहे. कुत्र्याच्या बाबतींत मात्र कोणी एवढा विचार करीत नाहीं. बाजाराच्या वाटेवर कोणी पिलूं दिलें, मुलांनीं हट्ट धरला, कीं तें पिशवींतून घरीं येतें. वस्तीवरील गुराढोरांची व माणसांची राखण पुढें दहा-बारा वर्षें ज्याच्यावर सोपवावयाची, त्याची निवड अशी व्हावी हें योग्य नाहीं. म्हणून पिलूं आणावें कीं जाणता कुत्रा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम माझीच चूक सांगतों. नोकरींतून निवृत्त होऊन मी वस्तीवर राहावयास आलों, त्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं एक पिलूं आणलें. त्याचें वय अवघें महिन्याचें होतें. आठ दिवस बरे गेले. मग त्यानें अन्न टाकलें, ओकाऱ्या सुरू झाल्या, रक्ताची हगवण लागली व तिसऱ्या दिवशीं तें मेलें. नातवाची समजूत पटेना, म्हणून महिन्याच्या आंत दुसरें आणलें. तेंही त्याच रीतीनें गेलें. त्यानंतर नातवानें पिलूं मागितलें नाहीं. “आजोबा, आपल्या अंगणांत पिलें जगत नाहींत का?” एवढेंच त्यानें विचारलें, आणि मला उत्तर देतां आलें नाहीं.

उत्तर पुढें पशुवैद्यांनीं दिलें. हा रोग पार्व्हो नांवाच्या विषाणूचा. कुत्र्यांतील हा विषाणू १९७८ सालीं प्रथम ओळखण्यांत आला. तो आजारी पिलाच्या विष्ठेंतून पसरतो व जमिनींत महिनेच्या महिने जिवंत राहतो. साध्या धुण्यानें तो मरत नाहीं. फरशीवर ब्लीचिंग पावडरचें पाणी चालतें, पण मातीच्या अंगणांत त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. तात्पर्य, पहिल्या पिलाचें मरण मीं अज्ञानानें ओढवलें व दुसऱ्याचें उतावळेपणानें. ज्या अंगणांत असें पिलूं गेलें असेल, तेथें वर्षभर तरी लस पुरी न झालेलें दुसरें पिलूं आणूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. महसूल खात्याच्या भाषेंत बोलावयाचें तर पिलूं ही पडीत जमीन होय व जाणता कुत्रा ही वहिवाटीची जमीन होय. पडीत जमिनींत मनाजोगें पीक घेतां येतें. पण नांगरट, बांधबंदिस्ती व पहिल्या वर्षाची तूट आपणांसच सोसावी लागते. वहिवाटीची जमीन त्याच हंगामांत पीक देते. मात्र तिच्यावरील जुने बोजे आपल्या नांवें चढतात. म्हणून उतारा पाहिल्यावांचून ती घेऊं नये.

पिलाचा मोठा गुण असा कीं, लहानपणीं ज्यांच्या संगतींत तें वाढतें त्यांस तें आपलें मानतें. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर या संशोधकांनीं कुत्र्यांच्या स्वभावावर १९६५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यांत वयाच्या तिसऱ्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ही ओळख जडण्याचा म्हणून दाखविला आहे. आपल्याकडील धनगर ही गोष्ट अनुभवानें जाणतात. त्यांच्या वाड्यावरील पिलूं मेंढरांतच वाढतें व पुढें कळप राखतें. ज्यास शेळ्या, मेंढ्या किंवा कोंबड्या यांच्यांत कुत्रा वागवावयाचा आहे, त्यानें पिलूंच आणावें.

परंतु तें दोन महिन्यांचें झाल्यावर आणावें. आईच्या व भावंडांच्या सहवासांत तें बेतानें चावावयास शिकतें. लौकर तोडलेल्या पिलाचा हा धडा कच्चा राहतो. वय ठरवितांना देणाऱ्याच्या शब्दापेक्षां दांतांवर अधिक विश्वास ठेवावा. सुईसारखे दुधाचे दांत तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दिसूं लागतात व दोन महिन्यांच्या सुमारास ते २८ होतात. सातव्या महिन्याच्या सुमारास कायमचे ४२ दांत पुरे होतात.

पिलाचा खरा खर्च पैशाचा नसून वेळेचा आहे. चार महिन्यांचें होईपर्यंत त्यास दिवसांतून तीन-चार वेळां खावयास द्यावें लागतें. जंताचें औषध वेळच्या वेळीं द्यावें लागतें. पार्व्हो वगैरे रोगांवरील लस सहाव्या ते आठव्या आठवड्यांत सुरू करून, सोळा आठवडे भरेपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनीं टोंचावी लागते. घरांत दिवसभर कोणी नसेल तर हें होत नाहीं. शिवाय राखणीच्या कामीं तें वर्षभर तरी उपयोगी पडत नाहीं. उलट त्याचीच राखण करावी लागते. बिबट्यांचा वावर असलेल्या उसाच्या पट्ट्यांत ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. अकोले तालुक्यांत बिबट्याच्या विष्ठेची शास्त्रीय तपासणी झाली, तींत त्याच्या आहारांत कुत्र्यांचा वाटा मोठा आढळला. रात्रीं साखळीनें उघड्यावर बांधलेला मोठा कुत्राही तेथें सुरक्षित नसतो, मग पिलाची काय कथा? दोघांसही जाळीच्या बंदिस्त खोपटांत ठेवावें. तेथून भुंकूनही कुत्रा घर जागें करतो.

ज्यास याच हंगामांत राखण हवी आहे, किंवा ज्याच्या घरीं पिलाकडे पाहण्यास माणूस नाहीं, त्यानें दोन-तीन वर्षांचा जाणता कुत्रा पाहावा. त्याचा आकार, आवाज व स्वभाव डोळ्यांपुढें असतो. मात्र एकदां पाहून निर्णय करूं नये. एकदां तो खात असतांना पाहावा, एकदां अनोळखी माणूस आला असतां पाहावा व एकदां कोंबड्या-शेळ्यांजवळून दोरीनें फिरवून पाहावा. शेळी किंवा कोंबडी मारण्याची चटक लागलेला कुत्रा फुकट मिळाला तरी घेऊं नये. ही खोड सहसा जात नाहीं. लस टोंचल्याचें कार्ड मागावें, आणि मालक त्यास कां देतो हें त्याच्या शेजाऱ्यांस विचारावें.

दोन पिलें गमावल्यावर मीं असाच एक कुत्रा आणला. त्याचा मालक गुरें विकून मुलाकडे शहरांत राहावयास जाणार होता. कुत्रा आमच्या वस्तीवरून दोनदां दोरी तोडून आपल्या जुन्या दारीं जाऊन बसला. तिसऱ्या वेळीं मालक स्वतः त्यास घेऊन आला व येतांना कुत्र्याचें जुनें गोणपाट आणावयास विसरला नाहीं. त्या गोणपाटावर कुत्रा रात्रभर निजला. पुढें तीन आठवडे त्यास लांब दोरीवर ठेवलें व एकाच हातानें भाकरी घातली. मग दोरीची गरज उरली नाहीं. हल्लीं नातू बांधावर गेला कीं तो त्याच्या पुढें चालतो.

दोहोंपैकीं कोणतेंही आणलें तरी कांहीं गोष्टी टळत नाहींत. पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची, लस तीन महिन्यांच्या वयापासून द्यावी व पशुवैद्याच्या सल्ल्यानें दरवर्षीं द्यावी. कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, चुना-तिखट लावूं नये व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. कांदा, द्राक्षें व बेदाणे कुत्र्यास बाधतात. नाशिककडील बंधूंनीं हें विसरूं नये. कापलेल्या बकऱ्याचीं कच्चीं आंतडीं-काळिजें त्यास घालूं नयेत. त्यांतील जंतांमुळें माणसाच्या यकृतांत व फुफ्फुसांत गाठी होतात. कुत्री पाळल्यास तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे पिशवींतून वाटावयाचीं पिलें होणारच नाहींत.

सारांश, कळपांत वागवावयाचा असेल व घरीं माणूस असेल तर दोन महिन्यांचें पिलूं. राखण तांतडीची असेल व हात अपुरे असतील तर पारखून घेतलेला जाणता कुत्रा. आपल्याजवळ किती वेळ आहे याचा हिशेब आधीं करावा, मग कुत्र्याकडे पाहावें. मीं हा हिशेब उलट क्रमानें केला. त्याची किंमत दोन मुक्या जिवांनीं भरली.