पडद्यावरचा समुद्र किती खरा?

होस्टेलमधले काही वाद कधीच संपत नाहीत. एक म्हणजे मेसची आमटी ही आमटी आहे की गरम पाणी. आणि दुसरा, 'टायटॅनिक'मधल्या त्या दारावर जॅकला जागा होती की नव्हती. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल बाजूला ठेवून या विषयावर तावातावाने बोलणारे महाभाग प्रत्येक विंगमध्ये सापडतात. तर मित्रांनो, आपण नाहीतरी इंजिनिअर होणारच आहोत, मग हा प्रश्न थोडा हिशेबाने का सोडवू नये? आणि तो सोडवता सोडवता समुद्रावरचे बाकीचे सिनेमेही जरा तपासून बघू.

निकाल आधीच सांगून टाकतो. लाटा, वादळ, शार्क, मोडणारी डोलकाठी या मोठमोठ्या गोष्टी सिनेमावाले मेहनतीने दाखवतात. त्यांची गडबड होते ती दुसरीकडेच. समुद्रात माणूस बहुतेक वेळा गाजावाजा न करता मरतो: थंडीने, तहानेने, थकव्याने किंवा कुणाला दिसलाच नाही म्हणून. आणि शांतता तर कॅमेऱ्याला परवडत नाही!

दाराचा प्रश्न

प्रश्न जागेचा नाहीच, प्रश्न तरंगण्याचा आहे. समजा, फळी २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर जाड आहे. म्हणजे घनफळ ०.१ घनमीटर. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १०२५ आणि चांगल्या जड लाकडाची ७०० किलो प्रति घनमीटर धरा. आर्किमिडीजबाबांच्या कृपेने ही फळी जास्तीत जास्त साडेबत्तीस किलो उचलेल. म्हणजे दोघांचं सोडा, एकटी रोझसुद्धा त्यावर कोरडी राहणार नाही! फळी पाण्याखाली दबणार आणि अंगाचा काही भाग पाण्यात राहणारच.

आता पाण्याचं तापमान बघा. १५ एप्रिल १९१२ च्या त्या रात्री ते उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. थंड पाण्यातल्या माणसाबद्दल तज्ज्ञ १-१०-१ असा सोपा नियम सांगतात. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, कारण गार पाण्याच्या धक्क्याने माणूस धापा टाकतो आणि तेव्हाच नाकातोंडात पाणी गेलं तर खेळ खलास. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि साधारण १ तासाने शुद्ध हरपते. म्हणजे जॅक जे लांबलचक भावपूर्ण बोलतो, ते त्याला दात वाजवत दोन-दोन शब्दांत बोलावं लागलं असतं. पण लाइफ जॅकेट घालून तरंगणारी, गोठून गेलेली माणसं आणि त्यांच्यातून हळूहळू जाणारी होडी हे दृश्य मात्र खरं आहे. त्या रात्री पाण्यात पडलेल्यांपैकी बहुतेक जण बुडून नव्हे, थंडीने गेले.

दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनाही लोकांनी या दारावरून इतकं पिडलं, की २०२३ मध्ये त्यांनी टाकीत गार पाणी भरून प्रयोग करून दाखवला. दोघांनी छातीपर्यंतचा भाग पाण्याबाहेर ठेवला असता तर जॅक कदाचित वाचला असता, असं त्यात निघालं. कदाचित! म्हणजे वाद चालू ठेवायला हरकत नाही.

तहानेचं गणित

चहूकडे पाणी आणि पिण्याला थेंब नाही, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण का नाही? समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या मूत्रपिंडांना इतकी खारट लघवी बनवताच येत नाही. एक लिटर समुद्राचं पाणी प्यायलात, तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला दीड लिटरच्या आसपास पाणी खर्च होतं. म्हणजे प्रत्येक लिटरमागे अर्धा लिटर तोटा.

'लाइफ ऑफ पाय' (२०१२) मधला वाघ आणि चमकणारे मासे सोडून द्या. पण पाय पटेलची होडी, मासे धरण्याची धडपड आणि उन्हावर गोडं पाणी बनवणारी भांडी नीट पाहा. त्यामागे स्टीव्हन कॅलहन नावाच्या खऱ्या दर्यावर्दीचा सल्ला होता. १९८२ मध्ये अटलांटिकमध्ये त्याची शिडाची होडी बुडाली आणि तो रबरी तराफ्यावर ७६ दिवस तरंगत राहिला. त्याच्याकडे सोलर स्टिल होते. तत्त्व अगदी शाळेतलं: उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ करायची, ती गार प्लॅस्टिकवर धरायची आणि थेंब गोळा करायचे. दिवसाकाठी मिळायचं जेमतेम अर्धा लिटर. पुढे तराफ्याच्या खालच्या नळीला भोक पडलं, तेव्हा ते बुजवण्यात त्याचे सुमारे दहा दिवस गेले. ठिगळ लावायचं, ते सुटायचं, पुन्हा लावायचं. सिनेमात हे काम पार्श्वसंगीतासकट दीड मिनिटात उरकतं.

आणि काही गोष्टी तर कुठलाच सिनेमा दाखवणार नाही. १९७२ मध्ये रॉबर्टसन कुटुंबाची होडी पॅसिफिकमध्ये देवमाशांच्या धडकेने बुडाली. सहा जण ३८ दिवस समुद्रात होते. तळाशी साठलेलं पावसाचं पाणी पिण्यासारखं उरलं नव्हतं. घरातली आई, लिन रॉबर्टसन, नर्स होती. तिने ते पाणी एनिमाने दिलं, कारण मोठं आतडं पाणी शोषून घेतं आणि उलटीचा प्रश्न येत नाही. हसू नका! या 'फंड्या'त भरपूर शरीरशास्त्र आहे, आणि सहाही जण जिवंत परतले.

शिडं, वारा आणि वादळ

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' (२००३) मध्ये जॅक स्पॅरो आणि विल टर्नर उलटी होडी डोक्यावर घेऊन समुद्राच्या तळावरून चालत जातात. करा हिशेब. होडीखाली फक्त अर्धा घनमीटर हवा धरली तरी ती जवळजवळ पाचशे किलोच्या जोराने वर जाऊ बघणार, आणि पाण्यातल्या माणसाचं वजन तर नगण्य. दोघेही होडीसकट वर! अर्थात तो सिनेमा स्वतःलाच गंभीरपणे घेत नाही, त्यामुळे माफ.

जास्त फसवतात त्या साध्या गोष्टी. शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावं लागतं. वारा पाठीमागून असेल तर जहाजावरचा झेंडा पुढच्या दिशेने फडकतो, कारण वारा जहाजापेक्षा वेगवान असतो. पुढच्या वेळी एखादा चाच्यांचा सिनेमा लागला की आधी झेंडा बघा. शिडं तट्ट फुगलेली आणि झेंडा मागे उडतोय, म्हणजे समजा की खाली इंजिन चालू आहे.

या बाबतीत 'मास्टर अँड कमांडर' (२००३) ला पैकीच्या पैकी मार्क. वादळात डोलकाठी मोडते, एक खलाशी पाण्यात पडतो आणि त्या मोडक्या काठीकडे पोहू लागतो. पण दोरांनी अडकलेली तीच काठी जहाजाला नांगरासारखी मागे ओढतेय. कॅप्टनला दोर कापावे लागतात आणि माणूस मागे राहतो. कारण शिडाच्या जहाजाला बाइकसारखा यू-टर्न मारता येत नाही.

खऱ्या वादळात काय होतं, याचं आपल्या जवळचं उदाहरण आहे. १९६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती मुंबईत बांधलेल्या 'सुहेली' या होडीतून. त्याच शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये जुन्या पद्धतीची, जीपीएस न वापरता करायची गोल्डन ग्लोब रेस झाली. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन त्यात उतरले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात ताशी सुमारे १३० किलोमीटरचा वारा आणि १४ मीटरच्या लाटा यांनी होडी उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. सिनेमात यानंतर हिरो उठतो. खरे टॉमी हलू शकत नव्हते. सुटकेपर्यंतचे तीन दिवस ते बिछान्यात पडून होते. पण त्यांनी आपत्कालीन बीकन चालू केला होता. नौदलाच्या विमानाने होडी शोधली आणि 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. याच शर्यतीच्या पुढच्या फेरीत, २०२३ मध्ये, ते दुसरे आले.

म्हणूनच 'ऑल इज लॉस्ट' (२०१३) बघताना दर्यावर्दी लोक कपाळाला हात लावतात. रॉबर्ट रेडफोर्ड एकटा महासागरात निघालाय आणि सोबत साधा बीकन नाही! बीकन असता तर अर्ध्या तासात सिनेमा संपला असता, हेही खरंच.

जहाज दिसतं, आपण दिसत नाही

पण त्याच सिनेमाने एक गोष्ट अचूक दाखवली आहे. तराफ्याजवळून मालवाहू जहाजं जातात, रेडफोर्ड फ्लेअर उडवतो, आणि जहाज ढिम्म. अतिशयोक्ती वाटते ना? १९७३ मध्ये बेली पतिपत्नी पॅसिफिकमध्ये ११७ दिवस तरंगत होते. त्यांच्या जवळून सात जहाजं निघून गेली. आठव्याने पाहिलं.

कारण भूमितीचं आहे. दोन मीटरचा तराफा पाच किलोमीटरवरून डोळ्याशी ०.०००४ रेडियनचा कोन करतो, म्हणजे सव्वा-दीड मिनिट. माणसाच्या डोळ्याची मर्यादा सुमारे एक मिनिट. म्हणजे फेसाळ लाटांमध्ये एक ठिपका, तोही लाटेच्या माथ्यावर असेल तेव्हाच. आणि पुलावरचा माणूस नेमका त्याच क्षणी तिकडे बघत असायला हवा.

मग वाचतो कोण? बरेचदा, कंटाळवाणं काम रोज करणारा. १९८३ मध्ये टॅमी ओल्डहॅमची होडी पॅसिफिकमधल्या चक्रीवादळात उलटली, जोडीदार रिचर्ड शार्प समुद्रात गेला. तिच्याकडे सेक्स्टंट आणि घड्याळ होतं. दुपारच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश मिळतो, म्हणून ती १९ अंशांच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या मुंबईच्याच अक्षांशावर, होडी ठेवून ४१ दिवसांत हवाईला पोचली. 'अड्रिफ्ट' (२०१८) या सिनेमात रिचर्ड शेवटपर्यंत तिच्याशी बोलत राहतो आणि मग कळतं की तो भास होता. निर्मात्यांचाही नाइलाजच असणार. एकटी बाई रोज दुपारी कोन मोजतेय, हे दोन तास कोण बघणार?

बुडणारा माणूस ओरडत नाही

आता आपल्या दारातला समुद्र. सिनेमात बुडणारा हात हलवतो, 'बचाओ' ओरडतो, हिरो सरळ पोहत जातो. प्रत्यक्षात बुडणाऱ्याचं तोंड पाण्याखाली-वर होत असतं. श्वासच पुरत नाही, तर ओरडणार कशाने? हात आपोआप पाणी खाली दाबत असतात, हलवता येत नाहीत. माणूस पाण्यात उभा दिसतो, शिडी चढल्यासारखा, आणि एखाद्या मिनिटात खाली जातो. जवळ उभ्या असलेल्या मित्राला वाटतं, मस्ती करतोय.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ती आपल्याच वयाची मुलं होती. आपल्या प्रत्येक बॅचची एक तरी ट्रिप कोकणात जाते, म्हणून हे इथे लिहायचं.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या, मग वळा. भरती-ओहोटीची वेळ गावातल्या कोळ्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको. मित्र बुडत असेल तर स्वतः उडी मारण्याआधी तरंगणारं काहीतरी फेका. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन पाच किलोच्या आसपास उचल देतो, आणि डोकं पाण्याबाहेर ठेवायला तेवढी पुरते. पुन्हा आर्किमिडीज!

तेव्हा पुढच्या ट्रिपच्या सामानाच्या यादीत एक रिकामा कॅन आणि वीस मीटर दोरी लिहा. स्पीकर एक वेळ रूमवर राहिला तरी चालेल.