बायनरीतून कोड परत कसा वाचतात?

एखाद्या सॉफ्टवेअरबद्दल संशय आला, तर ते आतून नेमकं काय करतं हे शोधायचं कसं? मालवेअर लिहिणारा काही आपला मूळ कोड आणून देणार नाही. हातात असते फक्त चालणारी फाइल, म्हणजे बायनरी : प्रोसेसरला कळणाऱ्या आकड्यांची लांबलचक रांग.

मूळ कोडची बायनरी बनवणारा कंपायलर बरंच काही टाकून देतो. प्रोग्रामरने दिलेली व्हेरिएबलची नावं, शेजारी लिहिलेल्या टिपा, यातलं काहीच प्रोसेसरला लागत नाही. डिकंपायलर उलट्या दिशेने निघतो. आधी आकड्यांमधून प्रोसेसरच्या एकेक सूचना वेगळ्या केल्या जातात. मग कुठली सूचना कुठे उडी मारते याचा नकाशा बनतो. त्यावरून ‘इथे जर-तर असावं’, ‘इथे लूप असावा’ असा अंदाज बांधून सी भाषेसारखा मजकूर तयार होतो. हाच स्यूडोकोड. त्यातली नावं मात्र साधनानेच दिलेली, ‘आयव्हार १’, ‘आयव्हार २’ अशा थाटाची.

काही खुणा तरीही वाचतात. विंडोजकडून काम करून घ्यायचं, तर विंडोजच्या त्या फंक्शनचं नाव सहसा फाइलमध्ये ठेवावंच लागतं. वेब-पत्ते आणि संदेशही, मुद्दाम लपवले नसतील तर, जसेच्या तसे सापडतात. विश्लेषक बहुधा इथूनच सुरुवात करतात.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय पसरू लागला, तेव्हा याचा कस लागला. हा मालवेअर फायली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागत होता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाने नमुना चालवून पाहिला, तेव्हा तो एका अर्थहीन अक्षरांच्या वेब-पत्त्याशी बोलू पाहतोय असं दिसलं. पत्ता कुणाच्याच नावावर नव्हता. असे पत्ते ताब्यात घेऊन प्रसारावर नजर ठेवणं हे त्याचं नेहमीचं काम, म्हणून त्याने तो नोंदवून टाकला. मग सहकाऱ्याला कोड तपासायला सांगितलं. आधी उत्तर आलं ते हादरवणारं : पत्ता नोंदवल्यामुळेच लोकांच्या फायली कुलूपबंद झाल्या!

खरं नेमकं उलट होतं. तो भाग स्यूडोकोडमध्ये जेमतेम काही ओळींचा आहे. मराठीत मांडला तर असा :

उत्तर = पत्ता_उघड(...)
जर (उत्तर == ०) पुढचं_काम_कर()
नाहीतर बाहेर_पड()

पुष्कळ फंक्शनमध्ये शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’. विंडोजच्या या फंक्शनमध्ये शून्य म्हणजे ‘पत्ता उघडला नाही’. पहिला अर्थ धरून वाचलं, तर पत्ता सापडल्यावर हल्ला होतो असं वाटेल. दुसरा धरला, तर पत्ता सापडताच वॉनाक्राय गप्प बसतो. एवढ्याशा फरकावर हचिन्सने पसारा थांबवला की पेटवला, हे ठरणार होतं.

त्याने प्रयोग करून पाहिला. वेगळ्या ठेवलेल्या संगणकावर नमुना चालवला, तर काहीच झालं नाही. मग त्या संगणकाला तो पत्ता मिळू नये अशी सोय केली, आणि फायली कुलूपबंद झाल्या. खंडणीची मागणी पाहून आपण आनंदाने उड्या मारल्या, असं त्याने नंतर लिहिलं. स्यूडोकोड हा अंदाज असतो. तो असा चालवून ताडून पाहावा लागतो.

आज हे काम करायला गिड्रा हे साधन फुकट मिळतं. अमेरिकेच्या ‘एनएसए’ या गुप्तचर संस्थेने ते २०१९ मध्ये खुलं केलं. गंमत अशी, की वॉनाक्राय ज्या ‘इटर्नलब्लू’ने पसरला, ते हत्यारही याच संस्थेचं, चोरून बाहेर आलेलं.

त्याच काही ओळींत आणखी एक तपशील दडला होता. इंटरनेट जोडणी सुरू करणाऱ्या फंक्शनला १ हा आकडा दिलेला होता, म्हणजे ‘थेट जोड, प्रॉक्सी वापरू नकोस’. ज्या कार्यालयांत प्रॉक्सीशिवाय बाहेर जाताच येत नाही, तिथे पत्ता कधीच उघडणार नव्हता. हचिन्सने नोंदवलेला पत्ता अशा ठिकाणी उपयोगाचा नव्हता. तिथे विंडोजचे अपडेट घालणं महत्त्वाचं होतं.