कॉलेज फुटबॉलचा पैसा: हा लिलाव नव्हे

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तिकडेही आता आयपीएलसारखा लिलाव सुरू झालाय, कॉलेजं पोरांना बोली लावून विकत घेतात.’ इथे बसून क्रिकेट पाहणारे हे म्हणतात. मिशिगन-टेक्सासात वर्षानुवर्षं राहणारे, शनिवारी स्टेडियमवर जाणारे मराठी लोकही म्हणतात. वाक्य सुटसुटीत आहे, म्हणून पसरतं. त्यातून डोळ्यांसमोर येतो तो भाव वाढवून घेणारा सतरा वर्षांचा हावरा मुलगा आणि त्याच्यापुढे हतबल झालेलं विद्यापीठ. प्रत्यक्षात या व्यवहारात सगळ्यात कमी संरक्षण त्या मुलालाच होतं. म्हणून हा गैरसमज मला नुसता चुकीचा नाही, अन्यायकारक वाटतो.

आधी तुलनाच तपासू. आयपीएलच्या लिलावात बोली सगळ्यांसमोर लागते. कुठल्या संघाकडे किती पैसे उरले आहेत, हे प्रेक्षकालाही माहीत असतं. हातोडा पडला की रक्कम जाहीर होते, करार थेट संघ आणि खेळाडू यांच्यात होतो आणि त्यामागे बीसीसीआयची नियमावली असते. कॉलेज फुटबॉलमध्ये यातलं जवळपास काहीच नाही. बोली नाही, जाहीर आकडा नाही. आपण वाचतो ते आकडे एजंट, पालक किंवा ‘सूत्रं’ यांच्या तोंडचे असतात आणि ते फुगवण्यात अनेकांचा फायदा असतो. सगळ्यात मोठा फरक म्हणजे 1 जुलै 2025 पर्यंत विद्यापीठाला खेळण्याच्या बदल्यात मुलाला एक डॉलरही देण्याची परवानगी नव्हती.

हा शेवटचा मुद्दा पुष्कळांना पटत नाही, म्हणून तारखा पाहू. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेने 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःचं नाव, छबी आणि ओळख वापरून पैसे कमावण्याची मुभा दिली. तिकडे याला सगळे ‘एनआयएल’ म्हणतात. मुलगा गावातल्या मोटारींच्या शोरूमची जाहिरात करू शकत होता, सह्या विकू शकत होता, लहान मुलांचं शिबिर घेऊ शकत होता. पैसे बाहेरच्या कुणीतरी द्यायचे, विद्यापीठाने नाही. दोन गोष्टींना स्पष्ट मनाई होती: निव्वळ खेळण्याबद्दल पैसे देणं, आणि अमुक विद्यापीठात येण्यासाठी पैशाचं आमिष दाखवणं. म्हणजे कागदावर तरी जाहिरातीच्या पैशाचा आणि भरतीचा संबंध नव्हता.

संबंध जोडला तो ‘कलेक्टिव्ह’ नावाच्या मंडळींनी. श्रीमंत माजी विद्यार्थी आणि कट्टर चाहते, ज्यांना तिकडे बूस्टर म्हणतात, त्यांनी एकत्र येऊन पैसे गोळा करायचे, विद्यापीठापासून कायद्याने वेगळी अशी संस्था काढायची आणि त्या संस्थेने खेळाडूंशी करार करायचे. बदल्यात मुलाने एखाद्या धर्मादाय कार्यक्रमाला हजेरी लावायची, समाजमाध्यमांवर चार ओळी टाकायच्या. याला जाहिरात म्हणणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. 2025 मध्ये डेलॉइट कंपनीने जुने करार बाजारभावाच्या निकषावर तपासले. बातम्यांनुसार तिचा निष्कर्ष असा होता, की कलेक्टिव्हच्या करारांपैकी सुमारे 70 टक्के नामंजूर झाले असते, तर शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे सुमारे 90 टक्के मंजूर झाले असते. खऱ्या जाहिरातदाराने दिलेला भाव आणि संघासाठी दिलेला भाव यांत एवढी तफावत होती.

तेव्हा ‘पैसा भरतीसाठीच होता’ एवढं म्हणणारा चुकत नाही. ‘कॉलेजने विकत घेतलं’ म्हणणारा मात्र चुकतो, आणि या चुकीची किंमत कोणी मोजली ते जेडन रशाडाच्या प्रकरणात दिसतं. रशाडा हा कॅलिफोर्नियातला हायस्कूलचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू. 2022 च्या उन्हाळ्यात त्याने मायामी विद्यापीठाला शब्द दिला होता, नोव्हेंबरमध्ये तो फ्लोरिडा विद्यापीठाकडे वळला. फ्लोरिडाच्या चाहत्यांच्या ‘गेटर कलेक्टिव्ह’ने त्याच्याशी चार वर्षांसाठी 1 कोटी 38 लाख 50 हजार डॉलरचा करार केला. 5 लाखांचा पहिला हप्ता आलाच नाही आणि डिसेंबरमध्ये कलेक्टिव्हने करार रद्द केला. मे 2024 मध्ये रशाडाने फेडरल न्यायालयात जो दावा लावला, त्यात म्हटलं आहे की त्यानंतरही पैसे मिळतील अशी आश्वासनं देऊन त्याला विद्यापीठात खेळण्याच्या इरादापत्रावर सही करायला लावलं. प्रतिवादींमध्ये फ्लोरिडाचे तेव्हाचे प्रशिक्षक बिली नेपियर होते. जानेवारी 2023 मध्ये रशाडाने त्या सहीतून स्वतःला मोकळं करून घेतलं आणि तो ॲरिझोना स्टेटला गेला.

आश्वासनांचे आरोप न्यायालयाच्या कक्षेतले आहेत, ते बाजूला ठेवू. उरलेलं पुरेसं आहे. करार कलेक्टिव्हशी, सही विद्यापीठाच्या कागदावर, आणि विद्यापीठ त्या कराराचा पक्षच नाही. लिलाव असता तर बोली लावणाऱ्याला रक्कम चुकती करावी लागली असती.

हे सगळं चालू असताना आमिषाच्या मनाईचं काय झालं? टेनेसी विद्यापीठाशी संबंधित कलेक्टिव्हची एनसीएएने चौकशी सुरू केली, तेव्हा टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या महाधिवक्त्यांनी जानेवारी 2024 अखेरीस एनसीएएवरच खटला भरला. 23 फेब्रुवारी 2024 ला न्यायालयाने एनसीएएला ही मनाई लागू करण्यापासून रोखलं. मुलाने प्रवेश घेण्याआधी आपली किंमत बाजारात काय आहे हे जाणून घेणं हा त्याचा हक्क आहे, असा त्या आदेशाचा रोख होता. मला तो पटतो. या खेळातला पैसा केवढा आहे ते पाहा: मिशिगनच्या स्टेडियमची आसनक्षमता 1,07,601 आहे. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने 2022 मध्ये सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा प्रक्षेपण करार केला. यातून प्रशिक्षक, कंपन्या, वाहिन्या सगळ्यांनी कमवायचं आणि डोकं फुटेपर्यंत खेळणाऱ्याने तेवढं शिष्यवृत्तीवर समाधान मानायचं, ही अपेक्षा कुठल्या न्यायाने?

विद्यापीठाने थेट पैसे देणं सुरू झालं ते ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातल्या तडजोडीनंतर. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ती 6 जून 2025 ला मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे 280 कोटी डॉलर भरपाई मिळणार, आणि 1 जुलै 2025 पासून तडजोडीत सामील झालेलं प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 2 कोटी 5 लाख डॉलर. रुपयांत तेव्हाच्या दराने पावणेदोनशे कोटी. हा आकडा एकट्या फुटबॉलचा नाही, सगळ्या खेळांचा मिळून आहे, हे सांगून मी थकलो. मोठ्या फुटबॉल विद्यापीठांत त्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा फुटबॉलला जातो. बाहेरच्या जाहिरातींचे करार 600 डॉलर किंवा त्याहून मोठे असतील तर ‘एनआयएल गो’ या डेलॉइटने चालवलेल्या यंत्रणेत नोंदवावे लागतात. त्यामागे खरा व्यवसाय आहे का आणि रक्कम वाजवी आहे का, हे तिथे पाहिलं जातं. कलेक्टिव्हना यातून पूर्ण वगळावं की नाही, यावरून जुलै 2025 मध्येच वाद पेटला आणि महिन्याच्या आत मार्गदर्शक सूचना सैल कराव्या लागल्या.

एवढं होऊनही खेळाडू विद्यापीठाचा कर्मचारी झालेला नाही. डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी संघटना स्थापण्याचा कौल दिला होता, पण त्या वर्षअखेरीस त्यांनी अर्ज मागे घेतला. पगारासारखे पैसे आहेत, पण त्यासोबत सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाही.

मग भरतीत खरा बदल कुठे झाला? लोक बघतात भरतीच्या मानांकनात पाच तारे मिळवलेल्या हायस्कूलच्या मुलाकडे. क्विन युअर्सचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. टेक्सासात हायस्कूलच्या खेळाडूंना एनआयएलची परवानगी नव्हती म्हणून 2021 मध्ये त्याने शाळेचं शेवटचं वर्ष सोडलं आणि ओहायो स्टेटमध्ये दाखल झाला. वर्ष संपायच्या आत तो टेक्सासात परतला आणि टेक्सास विद्यापीठात दाखल झाला. गोष्ट चटपटीत आहे. पण त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा, तो परतला कसा हा. पूर्वी फुटबॉलमध्ये विद्यापीठ बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे. एप्रिल 2021 मध्ये एकदा बदलण्याची सूट मिळाली. एप्रिल 2024 पासून, अभ्यास ठीक असेल तर, कितीही वेळा बदलता येतं. विद्यापीठ बदलण्याची मोकळीक आणि पैसा ही दोन्ही एकाच सुमाराला आली, आणि भरतीचा चेहरा बदलला तो या जोडीने.

प्रशिक्षकाच्या बाजूने विचार करा. हायस्कूलचा मुलगा तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तेवढ्यात तो निघून जाऊ शकतो. त्याच पैशात दुसऱ्या विद्यापीठात दोन हंगाम खेळलेला, मोठ्या सामन्यांत पारखलेला खेळाडू मिळत असेल, तर तो आधी कोणाला फोन करेल? इंडियाना विद्यापीठाचा संघ पिढ्यान्‌पिढ्या हरण्यासाठी ओळखला जायचा. कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले, त्यांनी दुसरीकडून आलेल्या खेळाडूंवर संघ उभा केला. कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या फर्नांडो मेंडोझाने 2025 ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकली आणि जानेवारी 2026 मध्ये मायामीला हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. याची दुसरी बाजू बातमीत येत नाही. तीन तारे मिळालेला, थोडा उशिरा चमकणारा हायस्कूलचा मुलगा, ज्याला दहा वर्षांपूर्वी मोठ्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती सहज मिळाली असती, तो आज लहान विद्यापीठात जातो आणि तिथून वर चढायची वाट बघतो. संघात 105 खेळाडूंची मर्यादा आल्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय सरावाला येणाऱ्या मुलांच्या जागाही आक्रसल्या. पैशाची खरी झळ इथे बसते आहे, आणि चर्चा मात्र कोट्यधीश क्वार्टरबॅकची होते.

आता बाकीच्या समजुती.

‘आधी हा खेळ स्वच्छ होता.’ 1987 मध्ये सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा संपूर्ण फुटबॉल हंगाम रद्द झाला, कारण 13 खेळाडूंना एका बूस्टरच्या गुप्त निधीतून एकूण 61 हजार डॉलर दिले गेले होते. टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स पूर्वी त्या विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख होते, आणि हे पैसे चालू ठेवण्याचा निर्णय आपल्याला माहीत होता हे त्यांनी स्वतः कबूल केलं. पैसा नेहमीच होता, तो फक्त टेबलाखालून जात होता.

‘ज्याचा पैसा त्याचा विजय.’ 2022 मध्ये टेक्सास ए अँड एमने त्या वर्षीची सर्वोत्तम मानली गेलेली तुकडी भरती केली. त्यांनी प्रत्येक खेळाडू विकत घेतला, असा आरोप अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी जाहीरपणे केला आणि ए अँड एमचे प्रशिक्षक जिंबो फिशर यांनी तो तितक्याच जाहीरपणे फेटाळला. त्या हंगामात संघ पाच सामने जिंकला, सात हरला. पुढच्या वर्षी फिशर यांना काढलं, तेव्हा करार मोडण्यापोटी त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं लागत होतं. खेळाडूंच्या कमाईवर बोलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

‘सर्वोच्च न्यायालयाने एनआयएल कायदेशीर केलं.’ नाही. जून 2021 चा ॲल्स्टन निकाल एकमताचा होता, पण तो शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता. एनआयएलचा रस्ता उघडला राज्यांच्या कायद्यांनी, त्यात पहिला 2019 चा कॅलिफोर्नियाचा.

‘पैसे फक्त मुलांनाच मिळतात.’ बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क आयोवात शिकत असतानाच नायकीची जाहिरात करत होती.

‘हे पैसे शिष्यवृत्तीसारखे करमुक्त असतात.’ नसतात. जाहिरातीची कमाई हे उत्पन्नच आहे, त्यावर कर लागतो, आणि कुटुंबाच्या उत्पन्नावर मिळणारी सरकारी मदत त्यामुळे कमी होऊ शकते.

एक समज थेट मराठी घरांशी जोडलेला आहे. टेनिस, पोहणं, गोल्फ किंवा ॲथलेटिक्सच्या जोरावर पुण्या-मुंबईतून अमेरिकी विद्यापीठात गेलेल्या मुलामुलींच्या पालकांना वाटतं की आता आपल्या मुलीलाही जाहिरातींतून कमावता येईल. ती एफ-1 व्हिसावर असेल तर थांबा. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, आणि अमेरिकेत राहून केलेली जाहिरात हे काम धरलं जाऊ शकतं. एनसीएएची मुभा व्हिसाचा नियम बदलत नाही, ती दोन वेगळी खाती आहेत. केंटकीचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शीब्वे काँगोचा. 2022 मध्ये संघ बहामाला गेला असताना त्याने जाहिरातीची कामं तिथे उरकली, कारण अमेरिकेच्या भूमीवर ती करणं धोक्याचं होतं. संघातल्या अमेरिकी मैत्रिणीने सही केली म्हणून आपणही करावी, हा हिशेब इथे चालत नाही. चूक झाली तर जातो तो व्हिसा, आणि त्याबरोबर शिक्षण. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या, शक्य असेल तर इमिग्रेशन वकिलाला करार दाखवा, आणि तोवर मुलीला समाजमाध्यमावर कंपनीचं नाव घेऊन एकही पोस्ट टाकू देऊ नका, बदल्यात नुसते बूट मिळणार असले तरी.