मियाटा: चौदाची पंधरा करताना

१९८९ साली आलेली माझदा मियाटा मुळात १४ इंची चाकांवर धावते, टायर १८५/६०. हौशी मंडळी १५ इंची अलॉय घालतात. सोबत १९५/५० टायर घेतला की बाहेरचा व्यास जेमतेम दीड मिलिमीटरने घटतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिनसत नाही. स्टड चार, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. खरी मेख मधल्या भोकात. हबला ५४.१ मिलिमीटर लागतं, बाजारातल्या चाकांचं बहुधा मोठं असतं. ती फट भरणारी पातळ रिंग विसरलात, तर वेगात स्टिअरिंग थरथरू शकतं. आणि १७ इंची? दिसतं झोकात, पण बहुतेकदा जड. या हलक्याफुलक्या गाडीची चपळाई तिथेच मरते. नवी चाकं बसल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नटांना पुन्हा पाना लावावा.