शेजारची नभोवाणी

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या गांवांसाठीं सुगम गाण्यांचें लहानसें नभोवाणी केंद्र काढणें अशक्य नाहीं. २००६ च्या सरकारी धोरणांत सामुदायिक केंद्राचा पल्ला ५ ते १० किलोमीटर धरला आहे. मध्यें अंबरनाथास मनोरा उभारला कीं झालें! पण वाजवावयाचें काय? सिनेमाचीं गाणीं आतां प्रत्येकाच्या खिशांतच असतात. शिवाय निदान निम्मा कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागानें व्हावा, अशी त्याच धोरणाची अट आहे.

पुणें केंद्र १९५३ सालीं निघालें आणि १९५५ त तेथून 'गीतरामायण' ऐकूं आलें. कारण तेथील अधिकारी सीताकांत लाड ह्यांनीं माडगूळकरांकडे वर्षभर पुरेल अशी गीतमाला मागितली होती. उल्हासनगरचीं सिंधी लग्नगीतें नि बदलापूरच्या आजीबाईंच्या ओव्या कोण मागणार?